मुंगीच्या नावावर खपलेली लाख

रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. चारशे वर्षांपूर्वी तिथे आणि लगतच्या चौलात पलंग बनत. फ्रान्स्वा पिरार या फ्रेंच दर्यावर्दीचं जहाज १६०२ मध्ये मालदीवजवळ फुटलं. पाच वर्षं तिथल्या सुलतानाच्या कैदेत काढून तो गोव्याला पोचला आणि १६१० पर्यंत पोर्तुगिजांच्या मुलखात राहिला. चौलबद्दल लिहिताना त्याने तिथल्या रेशमाची वाखाणणी केली, चिनी धर्तीच्या पेट्या-संदुकांचं कौतुक केलं आणि त्याबरोबर नाना रंगांची लाख चढवलेल्या पलंगांचीही नोंद करून ठेवली.

या पलंगांवर रंग धरून ठेवणारा लेप, त्याची चकाकी आणि सांधे बुजवणारा चिकटा हे सगळं एका किड्याच्या अंगातून आलेलं होतं. चौलच्या बंदरात लाख निदान दीड हजार वर्षं तरी ठाऊक असावी. पण ती कोण बनवतं, हे विचारलं असतं तर बंदरातल्या जाणत्या माणसानेही बिनदिक्कत चुकीचं उत्तर दिलं असतं. ते उत्तर काय होतं, का होतं आणि कसं सुधारलं, हा लाखेच्या इतिहासातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग आहे.

आधी किड्याविषयी. पळस, बोर, पिंपळ, कोशिंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, शेंदरी-लाल पिल्लं हजारोंनी पसरतात. बरी जागा दिसली की प्रत्येक पिल्लू सोंड सालीत खुपसतं, रस शोषू लागतं आणि अंगाभोवती राळेसारखा पदार्थ पाझरवू लागतं. मादी एकदा बसली की उठत नाही. कात टाकताना तिचे पाय जातात आणि उरलेलं आयुष्य ती स्वतःच केलेल्या कोठडीत काढते. श्वासासाठी दोन आणि मल बाहेर टाकायला एक अशी तीन भोकं तेवढी उघडी राहतात. नर बाहेर पडतो, चार दिवस जगतो, मरतो. शेजारशेजारच्या कोठड्या एकमेकींत मिसळून फांदीभोवती जाड, खडबडीत कवच तयार होतं. ही काडीलाख. ती खरवडून, धुऊन दाणेलाख करतात आणि वितळवून पातळ पापुद्रे काढले की झाला चपडा. एक किलो लाखेमागे तीन लाखांच्या आसपास किडे राबलेले असतात असा हिशेब नेहमी सांगितला जातो.

रायगडच्या डोंगरउतारांवर पळस आहे, कोशिंब आहे, बोर-पिंपळ तर गावोगाव आहेत. तरीही हा किनारा लाखेच्या पिकाचा कधीच नव्हता. महाराष्ट्रात पीक म्हणून लाखेचं नाव निघतं ते गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे. देशात झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश. किनाऱ्यावर लाख यायची ती गोणीतून किंवा गलबतातून, आणि जायची तीही तशीच.

पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांची यादी आहे. तिच्यातलं सेमिला म्हणजे चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच पुस्तकात, तांबड्या समुद्राकाठच्या अदुलिस बंदरात हिंदुस्थानच्या पश्चिम भागातून काय काय येतं ते सांगताना लोखंड, पोलाद आणि सुती कापड यांच्या पंक्तीला रंगीत लाख बसली आहे. ती चौलवरूनच गेली असं म्हणायला पुरावा नाही, पण ती याच किनारपट्टीच्या व्यापारातली होती. पुढे १४७१ च्या सुमाराला अफनासी निकितिन हा रशियन घोडा घेऊन चौलला उतरला. त्याच्या प्रवासवर्णनात खंबायतच्या मालात नीळ, लाख आणि अकीक येतात. म्हणजे माल ओळखीचा, भाव ओळखीचा, वापर ओळखीचा. बनवणारा मात्र अनोळखी.

मात्र त्याच्याही कितीतरी आधी एकाला अर्धं उत्तर सापडलं होतं. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमाराला इराणच्या दरबारी वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीकाने हिंदुस्थानातल्या हिंगुळासारख्या लाल किड्यांविषयी लिहिलं होतं. हे किडे राळ देणाऱ्या झाडांवर राहतात आणि त्यांना चिरडून कापड रंगवतात, असं तो सांगतो. किडा त्याने बरोबर पकडला, फक्त त्याला लांब पाय चिकटवले. स्वतः हिंदुस्थानात पाऊलही न टाकलेल्या माणसासाठी हे काही थोडं नाही. आपल्याकडे अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात जखमा भरून काढणाऱ्या लाक्षेवर सूक्त आहे, सुश्रुताच्या औषधांत लाक्षा आहे आणि पांडवांचं लाक्षागृह तर शेंबड्या पोरालाही माहीत. पण औषधात घालायला किंवा घर जाळायला लाख कोण बनवतं हे कळण्याची गरज नसते.

आता गार्सिया द ओर्ता. पोर्तुगालमधून १५३४ मध्ये गोव्याला आलेला हा वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही होता. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं आणि घारापुरीची लेणी पाहून त्याने त्यांच्याविषयी लिहिलंय. चौल तर निजामशाहीचं बंदर, शेजारी पोर्तुगिजांचं ठाणं. त्यामुळे आजच्या रायगडचा किनारा त्याच्या रोजच्या जगातला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधीविषयक संवादांत एक अख्खा संवाद लाखेवर आहे. पेगूची, म्हणजे आजच्या म्यानमारकडची लाख उत्तम, असं तो म्हणतो. अरब तिला सुमात्रेची लाख म्हणतात हे सांगून त्यांची चूकही दाखवतो. पेगूचा माल सुमात्रेच्या बाजारात यायचा आणि तिथून तांबड्या समुद्राकडे जायचा, म्हणून अरबांनी बंदराचं नाव मालाला दिलं.

इतकं शहाणपण दाखवून ओर्ता पुढच्याच पायरीवर घसरतो. लाख कोण करतं? मुंग्या. मोठ्या, पंखवाल्या मुंग्या झाडावर चढतात आणि मधमाश्या मध करतात तशी लाख करतात. पुराव्यादाखल त्याच्याकडे लाख चिकटलेली काडी होती. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेला डच लिन्स्कोटन हेच सांगतो, आणि त्याचं १५९६ चं पुस्तक युरोपभर वाचलं गेल्यामुळे मुंगीचं श्रेय पक्कं झालं.

या दोघांना हसणं सोपं आहे. पण लाखेच्या फांदीवर मुंग्या असतातच, हे पळसाखाली उभा राहिलेला कुणीही सांगेल. लाखेचा किडा झाडाचा रस पितो आणि नको असलेली साखर मधासारख्या थेंबांत बाहेर टाकतो. ते थेंब चाटायला मुंग्यांची रीघ लागते. काळ्या मुंग्या इकडून तिकडे पळताहेत, त्यांच्या पायाखाली लाल कवच आहे आणि कवच बनवणारी मादी आत बंद आहे. पाहणारा काय समजणार? ओर्ताला ज्यांनी माहिती दिली त्यांनी बहुधा खरंच मुंग्या पाहिल्या होत्या. जे हलत होतं त्याच्या नावावर काम जमा झालं. शिवाय ओर्ता बंदरात बसून लिहीत होता. अरबांनी मालाला सुमात्रेचं नाव दिलं आणि ओर्ताने मुंगीचं. दोघांच्याही हातात पोचेपर्यंत माल झाडापासून बराच दूर आलेला होता.

लाख करते म्हणून जिचं नाव चाललं ती मुंगी निर्दोष असली तरी खरोखर चिकटवण्याचं काम करणारी मुंगी कोकणात आहे, आणि तीही हाकेच्या अंतरावर. तिच्याकडे येतोच.

त्याआधी ही लाख किनाऱ्यावर काय काय जोडत होती ते पाहू. पलंगाचे खूर खरादावर फिरत असताना रंग कालवलेली लाखेची कांडी त्यांवर दाबून धरायची. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचं पान दाबून ती घोटायची. सावंतवाडीच्या खेळण्यांवर आणि पाटांवर ही कारागिरी आजही दिसते, आणि केवड्याला तर कोकणात तोटा नाही. सोनाराकडे लाख दोन कामांना लागते. पत्र्यावर ठशाचं काम करताना खाली धरायला, आणि पोकळ दागिन्याच्या पोटात भरायला. पाटल्या, तोडे, कोल्हापुरी साजातले मणी, तुशी यांत सोन्याचा पत्रा पातळ असतो आणि आतल्या लाखेमुळे तो चेपत नाही. शिकलगाराकडे कुरुंदाची पूड लाखेत घोळवून केलेलं धारेचं चाक असायचं. आणि तलवारीच्या मुठीत पात्याचा दांडा बसवायचा तो विटेची पूड मिसळलेल्या गरम लाखेने. मूठ तापवायची, लाख ओतायची, दांडा खुपसायचा, निवू द्यायचं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारावर ज्या तलवारी चमकल्या त्यांचा घाव किड्याच्या डिंकावर तोललेला होता असं म्हटलं तर थोडं नाटकी होईल, पण खोटं होणार नाही.

मुठीत राळ किंवा डिंक का चालत नाही? डिंक पाण्याने सुटतो, नुसती राळ ठिसूळ होऊन तडकते. लाख ६५-७० अंशांना मऊ पडते, ७५-८० ला वितळते आणि निवली की धातूला तशीच लाकडालाही घट्ट धरते. मूठ बदलायची तर पुन्हा तापवली की काम झालं. अट एवढीच की हात राखून तापवायचं. फार वेळ आगीवर ठेवली तर लाख रबरासारखी होते, मग ती वितळत नाही की चिकटत नाही. कारागिरांना हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. त्याचं कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

तिकडे युरोपात लाखेची मोहोर लावलेली पत्रं फिरू लागली होती. मागणी वाढली तसा माल कोण बनवतं हा प्रश्न व्यापाराचाही झाला. त्याचं धड उत्तर आलं ते पाटण्याहून, जेम्स केर या माणसाकडून. त्याचा निबंध १७८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर आला. लाख देणारा किडा कोणता, तो फांदीवर कसा बसतो, कुठल्या झाडांवर वाढतो हे त्याने लिहिलं, आणि झाडं सांगितली ती पिंपळ, वड, पळस, बोर. आज या किड्याच्या शास्त्रीय नावात ‘केरिया’ आहे ते त्याच्यावरून. दहाच वर्षांत विल्यम रॉक्सबर्गने आंध्रातल्या सामलकोटहून आणखी तपशील पाठवले. दोघांच्याही कामाची ठिकाणं झाडांजवळची आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. मुंगीचा दावा निकालात निघाला तो बंदरात नव्हे, पळसाखाली.

केरचा निबंध सोसायटीपुढे मांडला तो तिचा अध्यक्ष सर जोसेफ बँक्स याने. हा तोच बँक्स, जो १७७० मध्ये कॅप्टन कुकबरोबर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर उतरला होता आणि तिथे झाडावर हिरव्या मुंग्या पानं वाकवून घर बांधताना पाहून चकित झाला होता. हजारो मुंग्या जोर लावून तळहाताहून रुंद पानं खाली ओढून धरताहेत आणि आतल्या मुंग्या त्यांना चिकटवताहेत, असं त्याने टिपलं. पानं खरंच जबरदस्तीने वाकवलेली आहेत का हे पाहायला त्याने मुंग्यांना हुसकावलं, तर पान ताडकन सरळ झालं. चिकटा कुठून येतो हे मात्र त्याला कळलं नाही.

त्या हिरव्या मुंग्यांची जात आणि आपल्या आंब्यावरच्या तांबड्या मुंग्यांची जात एकच. कुणी त्यांना ओंबील म्हणतं, कुणी हुमले. अलिबाग-मुरुडकडे आंबे उतरवायला झाडावर चढलेल्या गड्याला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. झेल्याचा धक्का पानांच्या गोळ्याला लागला की पाठीवर, मानेवर आग लागते. चावा घेऊन त्यात आम्ल सोडण्याची त्यांची रीत आहे. काजूच्या बागेत मात्र त्यांचा उपयोग आहे, कारण कोवळ्या पालवीवरचे ढेकण्यासारखे किडे त्या उचलून नेतात.

घरटं बांधताना एक मुंगी पानाची कड धरते. पोचत नसेल तर दुसरी तिची कंबर धरते, तिसरी दुसरीची, अशा साखळ्या होऊन पानांच्या कडा जवळ येतात. मग आतून मुंग्या आपल्या अळ्या जबड्यात धरून आणतात. अळी एका कडेला टेकवली की तोंडातून रेशमाचा ओला धागा सोडते. मुंगी तिला दुसऱ्या कडेला नेते, परत आणते, परत नेते, विणकराच्या धोट्यासारखी. हळूहळू पांढरं कापड विणलं जातं आणि पानं जुळतात. इतर कित्येक मुंग्यांच्या अळ्या हेच रेशीम स्वतःभोवती गुंडाळून कोश करतात. ओंबिलाच्या अळ्यांना कोश करता येत नाही, कारण त्यांचं रेशीम घराला खर्च झालेलं असतं. त्यांचे कोशित उघडे असतात.

म्हणजे ओर्ताने लिहिलं त्याच्या उलट घडत होतं. लाखेच्या झाडावर मुंगी काहीही बनवत नव्हती. आणि त्याच्या घराभोवतीच्या आंब्यांवर मुंगी सर्वांदेखत पानं चिकटवत होती, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. कारण उघड आहे. ओंबिलाच्या रेशमाला बाजारभाव नव्हता.

अळीचं हे काम कुणी लिहून ठेवलं ते १८९० च्या आगेमागे, सिंगापूर आणि सिलोनमध्ये. शंका घेणारे तरीही उरले होते. १९०५ मध्ये फ्रांत्स डोफ्लाइन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने सिलोनमध्ये पाहून सविस्तर वर्णन छापलं, तेव्हा शंका मिटल्या. याच काळात मुंबई इलाख्यातही मुंग्यांकडे लक्ष देणारी माणसं होती. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तिच्या संस्थापकांत एडवर्ड एटकेन होता. साताऱ्यात जन्मलेला, मीठ आणि जकात खात्यातला हा अधिकारी काही काळ उरणला नेमणुकीवर होता. मिठागरांची मोजणी करणारा माणूस बंगल्यातल्या मुंग्या, कोळी, बेडूक यांवर खुसखुशीत पुस्तकं लिहितो, आणि ती पुस्तकं मिठाच्या हिशेबापेक्षा जास्त टिकतात. रॉबर्ट रॉटन या वन अधिकाऱ्याने १८९२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या मथळ्याने इथल्या जातींचा आढावा घेतला. पगार जंगलाचा आणि मिठाचा, अभ्यास मुंगीचा, असा तो जमाना.

लाखेच्या नशिबात मात्र त्या काळात मोठी उलथापालथ चालली होती. आतापर्यंत तिची किंमत होती ती बरीचशी रंगामुळे. लाल रंग काढून घेतल्यावर उरलेली राळ दुय्यम. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढच्या तीसेक वर्षांत लाखेच्या रंगाचा व्यापार बसला. कारखान्यांत दाणेलाख धुतल्यावर निघणारं लाल पाणी गटारात जाऊ लागलं. आता राळच महत्त्वाची. विजेच्या यंत्रांत तारांभोवती लेप द्यायला चपडा लागे. लाकडी सामानाला पॉलिश चपड्याचं. आणि १८९० च्या दशकात एमिल बर्लिनरने ग्रामोफोनच्या तबकडीसाठी कडक रबर सोडून लाखेचं मिश्रण निवडलं. तबकडीत लाखेपेक्षा दगडाची पूडच जास्त असे, पण ती पूड एकत्र धरून सुईची रेघ न रेघ जपणारी चीज लाखच. बालगंधर्वांचा आवाज घरोघर पोचला तो या काळ्या तबकड्यांतून. संगीत नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या किड्याला एक तळटीप द्यायला हरकत नव्हती.

इतका मोठा बाजार एका झाडावरच्या किड्यावर अवलंबून ठेवणं उद्योगांना परवडेना. बेल्जियममधून अमेरिकेत गेलेला लिओ बेकलंड चपड्याला पर्याय शोधता शोधता १९०७ मध्ये बेकेलाइटपर्यंत पोचला. ज्याला आपण प्लास्टिकचं युग म्हणतो त्याची सुरुवात लाखेची नक्कल करण्याच्या खटपटीतून झाली, हे पळसाखालच्या शेतकऱ्याला कुणी सांगितलं नसणार. हिंदुस्थान सरकारला जाग आली ती पहिल्या महायुद्धानंतर. लिंडसे आणि हार्लो यांचा लाखेवरचा अहवाल १९२१ मध्ये आला आणि १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाख संशोधन संस्था उभी राहिली. किड्याच्या रंगीनी आणि कुसमी अशा दोन वाणांची पिकं, त्यांचे हंगाम, त्यांचे शत्रू या सगळ्याचा पद्धतशीर अभ्यास तिथे झाला. रंगीनी पळस-बोरावर, कुसमी कोशिंबावर, हे आदिवासी शेतकऱ्यांना आधीच ठाऊक होतं. संस्थेने त्यावर आकडे चढवले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर निर्बंध घातले आणि युद्धानंतर विनाइलने ती जागा घेतली. बाजार आटला, पण रसायनशास्त्रज्ञांचं कुतूहल त्याच सुमाराला जागं झालं. यातला मोठा वाटा बोरघाट चढून वर गेल्यावर सापडतो, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. तिथे के. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात लाखेच्या रंगाची, म्हणजे लॅकाइक आम्लांची रचना उलगडली. ज्या रंगासाठी दोन हजार वर्षं गलबतं चालली, त्याचं रेणूचित्र बाजार संपल्यावर ऐंशीएक वर्षांनी मिळालं. त्याच प्रयोगशाळेत सुखदेव यांच्या गटाने राळेवर काम केलं. १९६९ मध्ये वाडिया, खुराना, म्हसकर आणि सुखदेव यांचा निबंध आला तो लाखेतल्या आम्लांवर. त्यातल्या एकाचं नाव लक्षोलिक आम्ल. आपल्याकडच्या प्रयोगशाळेने इतकं सरळ संस्कृत नाव दिलेलं पाहून बरं वाटतं.

या कामातून सोनार आणि शिकलगार यांच्या अनुभवाचं कारण स्पष्ट झालं. लाख हे अनेक आम्लांच्या छोट्या साखळ्यांचं जाळं आहे, निसर्गाने बनवलेलं एक प्रकारचं पॉलिएस्टर. साखळ्यांना जागोजागी हायड्रॉक्सिल आणि आम्ल गट लोंबत असतात आणि तेच धातू, लाकूड, विटेची पूड यांना पकडतात. साखळ्या आखूड असल्यामुळे लाख थोड्या उष्णतेला वितळते. जास्त तापवली तर हेच गट आपसांत जोडले जातात, पाणी सुटतं, जाळं पक्कं होतं आणि लाख कामातून जाते. किड्याच्या दृष्टीने पाहिलं तर गोष्ट आणखी सोपी आहे. त्याला ऊन-पावसात टिकणारी, फांदी न सोडणारी भिंत हवी होती.

किड्यांच्या चिकट्यांचा अभ्यास यानंतर लाखेच्या पलीकडे गेला, आणि त्यातल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. सह्याद्रीतून रायगडकडे उतरणाऱ्या ओढ्यांत दगड उलटून पाहिला तर वाळूचे कण, काड्या जोडून केलेल्या नळीत राहणारी अळी सापडते. मोठी झाल्यावर ती पतंगासारखा कीटक होते. ही अळी वाहत्या पाण्याखाली रेशमाने वाळू चिकटवते. पाण्यात चिकटणं हे कुठल्याही गोंदासाठी कठीण काम, कारण पाणी आधीच पृष्ठभागाला बिलगलेलं असतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रसेल स्ट्यूअर्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं की या रेशमात फॉस्फेट जोडलेले भाग भरपूर असतात. ओल्या जागी जखम शिवायला असा गोंद मिळाला तर, हा त्यामागचा लोभ.

दुसरी गोष्ट घरातली. उवेची अंडी, म्हणजे लिखा, केसाला चिकटतात त्या मादीने सोडलेल्या प्रथिनाच्या सिमेंटने. फणीने त्या का निघत नाहीत याचं उत्तर इतकंच आहे. हे सिमेंट कसलं चिवट! २०२२ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दक्षिण अमेरिकेतल्या दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या केसांवरच्या लिखांमधून त्या माणसांचा डीएनए मिळाला, कारण उवेने अंडं चिकटवताना डोक्याच्या त्वचेतल्या पेशीही सिमेंटमध्ये अडकवल्या होत्या. दातात किंवा हाडात जो मजकूर शोधायचा तो लिखेत सापडला. आजीने सावलीत बसून केलेल्या कामाला या शतकात विज्ञानाची मान्यता मिळाली म्हणायची.

ओंबिलाचं रेशीमही अखेर प्रयोगशाळेत पोचलं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेत गेल्या दोन दशकांत मुंग्या आणि मधमाश्या यांच्या रेशमाची प्रथिनं तपासली गेली. ती रेशमाच्या किड्याच्या धाग्याहून वेगळ्या घडणीची, एकमेकांभोवती पीळ घातलेल्या दोऱ्यांसारखी निघाली. बँक्सने ज्या देशात पान सोडवून पाहिलं, त्याच देशात हे झालं.

इकडे रायगडच्या किनाऱ्यावर लाखेचा मुक्काम सुखाचा कधीच नव्हता. चपड्याच्या पॉलिशला ओल सोसत नाही. पावसाळ्यात अलिबागच्या जुन्या घरांतल्या कपाटांवर पांढरी झाक येते, गरम कप ठेवला तर गोल डाग उठतो. साबण किंवा धुण्याचा सोडा लागला तर पॉलिश उतरतंच, कारण लाख पाण्यात विरघळत नसली तरी क्षारात विरघळते. त्यामुळे सुताराने तिची जागा कधीच मेलामाइन आणि पीयूला दिली. तलवारीच्या मुठी आता संग्रहालयात तेवढ्या उरल्या. धारेची चाकं कारखान्यातून येतात. लाख आता इथे येते ती नकळत, गोळीवरच्या लेपातून किंवा चकाकणाऱ्या चॉकलेटवरून.

सोनाराकडे मात्र ती अजून आहे. पेढीवर पाटल्यांची जोडी दाखवताना एकूण वजन आणि निव्वळ वजन असे दोन आकडे सांगितले जातात, आणि मधला फरक म्हणजे पोटातली लाख. त्यावरून गिऱ्हाईक आणि सोनार यांच्यात घासाघीस होते ती तर ठरलेलीच. मोडीला आलेला जुना दागिना आधी तापवून त्यातली लाख काढतात, मग सोनं तोलतात. काढलेल्या लाखेचा भाव कुणी विचारत नाही.